भावाला मनातून क्षमा केली, मग जायचं कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: "जय ख्रिस्त पाळकसाहेब. मी पुण्यात नोकरी करतो, वय पन्नाशीच्या पुढे. गाव शेवगाव तालुक्यात. वडील जाऊन चार वर्षं झाली, मृत्युपत्र केलेलं नाही. घर आणि साडेचार एकर जमीन त्यांच्याच नावावर आहे. गावी धाकटा भाऊ आणि आई राहतात, जमीन भाऊ कसतो. अर्धा हिस्सा माझा, पण तो वाटणीचं नाव काढू देत नाही. गेल्या वर्षी मला न विचारता दोन खोल्या बांधल्या. बहिणीचा प्रश्न नाही, तिने काही नको म्हणून सांगितलंय. भाऊ नातेवाइकांत सांगत फिरतो की वडिलांच्या आजारपणात हा फिरकला नाही आणि आता सातबारा बघायला आला. तीन वर्षं बोलणं बंद आहे. मी त्याला मनातून क्षमा केली आहे. तरी रोजचं वाचन कोरडं झालंय, प्रार्थनेला बसलं की मन दुसरीकडेच जातं. चर्चमधलं प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर आणि द्राक्षारस) घ्यावं की नाही? वकील दावा लावा म्हणतात. ख्रिस्ती माणसाने दावा लावावा का, की क्षमा केली म्हणजे हक्क सोडून द्यायचा?"

जय ख्रिस्त. तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही भावाची कागाळी म्हणून घाईघाईत लिहिलंत आणि पुढे गेलात: वडिलांच्या आजारपणात हा फिरकला नाही. ते खरं की खोटं, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. खोल्या किती बांधल्या ते लिहिलंत, एकर लिहिलेत, हे राहिलं. मला उत्तराची सुरुवात तिथूनच करायची आहे.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की तू दान घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवलं, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन दान दे (मत्तय ५:२३-२४). हे वचन आपल्या सगळ्यांना संडे स्कूलपासून पाठ आहे. पाठ असल्यामुळेच आपण ते नीट वाचत नाही. भावाच्या मनात काय आहे, असं ते विचारतं. तुमच्या मनात भावाविषयी काय आहे याची इथे चौकशीच नाही. तुम्ही मनातून क्षमा केलीत, चांगलं केलंत, पण या दोन ओळींचं त्याने समाधान होत नाही. तुम्ही पत्र लिहिलंय ते येणेकरी म्हणून, आणि वचन तुम्हाला देणेकरी म्हणून हाक मारतंय.

येशू हे बोलला गालीलात. वेदी मात्र एकच, यरुशलेमच्या मंदिरातली. कफर्णहूमच्या बाजूने तिथे जायचं म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त अंतर, तीन-चार दिवसांची पायपीट. तुमचं पुणे ते नगर साधारण तेवढंच भरेल, तेही पायी. सणाला एवढा प्रवास करून आलेला माणूस कोकरू घेऊन उभा आहे, नंबर जवळ आलाय, आणि त्याला सांगितलं जातंय की ते तिथेच ठेव आणि परत गावी जा, कारण भाऊ गावी आहे. जायला चार दिवस, यायला चार दिवस. ऐकणाऱ्या शेतकरी-कोळ्यांपैकी काहींना हसूही आलं असेल. पण उपासनेच्या आधी भावाचा नंबर लावलाय, त्यात काही मोघम नाही.

आता हेच मत्तय १८:१५ शेजारी ठेवून बघा. तिथे उलट आहे: भावाने तुझा अपराध केला असेल तर तू जा, आणि तो व तू एकांतात असताना बोल. म्हणजे चूक त्याची असली तरी जायचं तुम्ही, तुमची असली तरी जायचं तुम्हीच. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक "आधी त्याने यावं" इथे अडलेले असतात. त्यांना मी हे दोन उतारे एका पानावर लिहून काढायला लावतो. बाकी समजावत बसत नाही.

वाचन कोरडं का झालं, तेही माझ्या मते इथेच आहे. तुम्हाला कुणी सांगेल पहाटे उठा, भाषांतर बदला, नवीन मननाचं पुस्तक घ्या. करून बघायला हरकत नाही. पण घरात तंटा असलेला माणूस बायबल कसा वाचतो हे मी पाहत आलोय. तो हळूहळू उताऱ्यांना वळसे घालायला लागतो. क्षमेचं आलं की पान उलटतं. भावांच्या गोष्टी आल्या की "हे ठाऊक आहे" म्हणून पुढे. आणि उत्पत्तीचं पुस्तक तर भावाभावांच्या भांडणांनीच भरलेलं आहे: काईन आणि हाबेल, इसहाक आणि इश्माएल, याकोब आणि एसाव, योसेफ आणि त्याचे दहा भाऊ. स्तोत्रं वाचावीत तर "माझे वैरी" म्हटलं की डोळ्यासमोर धाकटा उभा राहतो आणि वाचन संपल्यावर राग आणखी वाढलेला असतो. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं आशीर्वादाचं वचन आणि मोबाइलवर आलेलं आजचं वचन एवढंच बायबल शिल्लक राहतं. ते कोरडं लागणारच.

म्हणून महिनाभर ते मोबाइलवरचं वचन बंद ठेवा आणि उत्पत्ती २५ ते ३३ रोज थोडं थोडं वाचा. घाई नको. याकोबाने एसावाचा हक्क घेतला, आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद घेतला आणि जीव वाचवायला पळाला. मामा लाबानाकडे वीस वर्षं काढली. परत यायची वेळ आली तेव्हा पहिली भीती कुणाची? भावाची. एसाव चारशे माणसं घेऊन निघालाय असं कळल्यावर त्याने भेट म्हणून जनावरं पुढे पाठवली. शेळ्या, बोकड, मेंढ्या, एडके, दुभत्या सांडणी, गाई, बैल, गाढवं, सगळी मिळून साडेपाचशे, सांडणींची पिल्लं वेगळी. तीही एकदम नाही, कळपाकळपात अंतर ठेवून, म्हणजे एसावाचा राग टप्प्याटप्प्याने उतरावा. याकोबाचा हिशेबी स्वभाव इथेही सुटलेला नाही. हेतू शंभर टक्के शुद्ध झाल्यावर जाईन, असं तो म्हणाला असता तर कधीच गेला नसता. घाबरत, हिशेब करत, रात्रभर झगडून, लंगडत का होईना, गेला. सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. एसाव धावत आला आणि गळ्यात पडून दोघं रडले.

पुढचं आपल्याकडे प्रवचनात सहसा कुणी सांगत नाही. एसाव म्हणतो, चल, बरोबरच जाऊ. याकोब म्हणतो, मुलं लहान आहेत, कळप दूध पाजणारा आहे, तू पुढे हो, मी सावकाश येतो. आणि तो मागोमाग जातच नाही. एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. पुन्हा दोघं एकत्र दिसतात ते बाप इसहाक वारल्यावर, त्याला पुरताना (उत्पत्ती ३५:२९). समेट झाला म्हणजे एक चूल झाली पाहिजे, एकमेकांच्या घरी नाताळ झाला पाहिजे, असं काही बायबल म्हणत नाही. दोघांना एकत्र बापाला माती देता आली, एवढ्यावर ती गोष्ट समाधानी आहे.

लूक १५ मधला उधळ्या पुत्रही याच महिन्यात वाचा, पण एक गंमत करून. त्यातला थोरला मुलगा घरी राहिला, राबला, आणि त्याचं म्हणणं होतं की मला कधी एक करडूही मिळालं नाही. तुमच्या घरात ती जागा कुणाची आहे? वयाने थोरले तुम्ही, पण शेतात राबून मनात कुढणारा भाऊ गावी आहे. तुम्ही काही उधळपट्टी केली नाहीत, नोकरी करून संसार केलात, त्यात पाप नाही. तरी "मी इतकी वर्षं इथे राबतोय आणि तू आलास तो हिश्श्याला" हे त्याचं वाक्य एकदा त्या थोरल्या मुलाच्या तोंडून ऐकून बघा. बाप त्याची समजूत घालायला अंगणात आला होता, हेही विसरू नका.

आता जमिनीचं. लूक १२:१३ मध्ये गर्दीतून एक जण ओरडतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. येशू त्याला सरळ म्हणतो की मला तुमच्यात न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? त्याचा हक्क खोटा होता असं तो म्हणत नाही. भावावर दडपण आणायला येशूचं नाव वापरू देत नाही, एवढंच. त्यानंतर लोभाबद्दल सावध करतो आणि कोठारं मोठी बांधणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. पाळकाला लोक हेच सांगतात बघा: तुम्ही त्याला दोन शब्द सांगा, तुमचं ऐकेल. पहिल्या फेरीत मी कधीच जात नाही. मी गेलो की ते भावाला "याने पाळक आणला" असं दिसतं, आणि पुढे सहा महिने बोलणं माझ्याविषयीच होतं.

पण हक्काचा हिशेब मात्र आधी सरळ करून घ्या, कारण तुमच्या पत्रातला "अर्धा हिस्सा" मला कायद्यात बसताना दिसत नाही. आपल्याकडची पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं गावातल्या रिवाजाप्रमाणे दोन भाऊ म्हणजे दोन वाटे असं धरून चालतात. आपल्याला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू आहे. त्यात मृत्युपत्र न करता माणूस गेला आणि मागे पत्नी व मुलं असली तर पत्नीला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांना सारखे. मुलगा-मुलगी फरक नाही. तुमच्या साडेचार एकरात आई दीड एकराची धनी. उरलेल्या तीन एकरात तुम्ही तिघं, प्रत्येकी एक एकर. घराचाही हाच हिशेब. बहिणीने तोंडाने "नको" म्हटल्याने तिचा एकर कुणाचा होत नाही, त्याला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. वकिलाला हे समोर ठेवून विचारा, तुमच्या कागदांत आणखी काही असेल तर तेच सांगतील.

म्हणजे सव्वादोन एकर भावाने दाबले म्हणून तीन वर्षं तुम्ही जळताय आणि तुमचा आहे एक एकर. त्याने अडवलेला तो एक एकरसुद्धा लहान गोष्ट नाही. पण आई ज्याच्या घरी राहते, ज्याच्या हातचं खाते, त्याच्याकडे आईचा दीड एकर आहे, यात अन्याय फारसा नाही. आणि बहिणीला तुम्ही कधी विचारलंत? समोर बसून, नवरा शेजारी नसताना, "तुझा एक एकर होतो, तुला हवा आहे का" असं? आपल्या मंडळ्यांत बहिणीचं "नको" हे बहुतेक वेळा माहेर तुटू नये म्हणून दिलेलं उत्तर असतं. स्वतःच्या हक्कासाठी वचनं शोधणारा माणूस बहिणीच्या हक्कावरून एका ओळीत पुढे जातो, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

क्षमेच्या हिशेबाबद्दल येशूने जो दाखला दिला (मत्तय १८:२३-३५) त्यातले आकडे मन लावून बघण्यासारखे आहेत. दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. एका तालांतात साधारण सहा हजार दिनार. पहिल्या चाकराचं राजाला देणं दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस राबला तर दोन लाख वर्षं. तो म्हणतो, सांभाळून घ्या, सगळं फेडीन! राजा ते सोडून देतो. मग त्याच चाकराला शंभर दिनार देणं असलेला सोबती भेटतो. प्रवचनात आपण हे शंभर दिनार म्हणजे चिल्लर असं सांगून टाकतो. ते चिल्लर नव्हेत. तीन महिन्यांहून जास्त मजुरी आहे ती. नगर जिल्ह्यातल्या शेतमजुरीच्या भावाने आज चाळीस-पन्नास हजार रुपये होतील, आणि मजुराच्या घरात चाळीस हजार बुडाले तर चूल थंड पडते. भावाने तुम्हाला जे दुखवलं ते क्षुल्लक आहे असं येशू म्हणत नाही, म्हणून मीही म्हणणार नाही. तुमचे शंभर दिनार खरेच बुडालेत. सोडायला सांगितलंय ते ते खरे आहेत हे धरूनच.

पण कुणाला काय सोडायचं हे नीट कळायला हवं. क्षमा ही रागाची वसुली सोडणं आहे. तो पडावा, त्याची मुलं नापास व्हावीत, विहीर आटावी, लोकांनी त्याला नाव ठेवावं, ही वसुली. ती आज, एकट्याने, भाऊ न बोलताही सोडता येते. जमिनीचा वाटा ही वेगळी गोष्ट आहे, तो कागदाने ठरतो, आणि क्षमा केलेल्या माणसालाही तो मागता येतो. हवं तर सोडताही येतो, अब्राहामाने पुतण्या लोटाला जमीन आधी निवडू दिली तसा. पण तो तुमचा खुशीचा दानधर्म, त्याची सक्ती कुठे नाही. शिवाय आतून कुरकुरत सोडलेला एकर पुढची वीस वर्षं प्रत्येक जेवणात काढला जातो. सोडायचा तर नाव न काढण्याच्या तयारीने सोडा, नाहीतर सरळ मागा.

आता जायचं कसं. एकटे जा. बायको नको, वकील नको, मेहुणा तर मुळीच नको. नाताळ, लग्न, वडिलांचा स्मृतिदिन असे दिवस टाळा. लोक जमलेले असले की माणूस लोकांसाठी बोलतो. हातात कागद नको, बायबलही नको. "मी तुला क्षमा केली आहे" हे वाक्य गावाच्या वेशीबाहेर ठेवून जा. ज्याला आपली चूक वाटतच नाही त्याला ते वाक्य आरोपासारखं लागतं. वचन ऐकवायचं नाही. तुम्ही एकच गोष्ट बोलायला चालला आहात, ती म्हणजे वडिलांचं आजारपण. "दादांच्या दुखण्यात सगळं तुझ्यावर पडलं. मी यायला हवं होतं." एवढं झालं की थांबा. त्यापुढे "पण" आला की केलेलं पाण्यात. "पण रजा मिळत नव्हती", "पण पैसे पाठवत होतो", हे सगळं खरं असेल, ते दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा.

एका कुटुंबातलं पाहिलेलं सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोघा भावांची बैठक चर्चमागच्या खोलीत होती. धाकटा मेडिकलच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी घेऊन आला होता. वडिलांच्या डायलिसिसची बिलं, तारखेने लावलेली, आणि बऱ्याच बिलांना त्या दिवशीचं एसटीचं तिकीट टाचलेलं. थोरल्याने सवयीने खिशातून पेन काढलं आणि बिलाच्या पाठीवर आकडे मांडायला लागला. धाकटा म्हणाला, "बेरीज नको करू. नुसतं वाच." मग थोरला एकेक वाचत गेला. कुणी काही बोलत नव्हतं. एका बिलापाशी त्याचा हात थांबला. ती तारीख त्याच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या गृहसमर्पणाची होती. त्या दिवशी वडील आले नाहीत म्हणून तो कित्येक वर्षं रुसून होता. वाटणी त्या दिवशी झाली नाही. विषयसुद्धा निघाला नाही. ती पुढे वर्षभराने तलाठ्याकडे झाली, तेव्हा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून पुन्हा थोडी खडाखडी झालीच.

तुमचा भाऊ कदाचित दारातूनच परत पाठवेल. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१२:१८) दोन अटी घालून ठेवल्या आहेत: शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तेवढं. समेटाला दोघं लागतात आणि दुसरा अर्धा भाग तुमच्या हातात नाही, हे पौलाला माहीत होतं. परत पाठवलं तर रागावू नका, काही महिन्यांनी पुन्हा जा. आपल्याच नगरच्या मंडळीतलं ठळक उदाहरण कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरचं आहे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा लगेच सगळं जुळलं नाही. सोवळं-ओवळं त्या पाळत राहिल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, आणि हा सगळा काळ त्यांनी स्वतःच मोठ्या विनोदाने लिहून ठेवलाय. तिथे पाच वर्षं लागली आणि ते नवरा-बायको होते.

प्रभुभोजनाचं उत्तर सोपं नाही. भांडण मिटेपर्यंत भाकर मोडायला येऊ नये, असा नियम अगदी सुरुवातीच्या मंडळीत होता, दिदाखे नावाच्या जुन्या लेखात तो आहे. दुसरीकडे पौल म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी (१ करिंथ ११:२८). परीक्षा करून मागच्या बाकावर बसून राहावं, असं तो म्हणत नाही. आपल्या मंडळ्यांत काही माणसं वर्षानुवर्षं प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर जातात आणि त्याचीच एक प्रतिष्ठा होऊन बसते, "अमक्याचं भांडण अजून आहे" अशी. मला ते पटत नाही. तुमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असेल तर येता पहिला रविवार ही मुदत धरा. त्याच्या आत गावी जाऊन या. भाऊ बोलला तर उत्तम, नाही बोलला तरी तुम्ही प्रभुभोजनाच्या मेजाकडे या. न जाता मात्र येऊ नका.

एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो, कारण हे उत्तर तुमच्याशिवाय इतरही वाचतील. "जा आणि समेट कर" हे मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला किंवा ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला सांगायचं वचन नव्हे. योसेफानेसुद्धा भावांना ओळख द्यायच्या आधी त्यांची पुरती परीक्षा पाहिली होती, धाकट्या बन्यामीनालाही ते आपल्यासारखं वाऱ्यावर सोडतात की नाही ते बघितलं. असं घर असेल तर आधी सुरक्षित ठिकाण, पोलीस, कायदा. काही पाळक अशा बाईला क्षमेची वचनं देऊन परत पाठवतात. ते चूक आहे, साफ चूक.

राहिला दावा. करिंथच्या मंडळीला पौल रागावला ते भाऊ भावावर कोर्टात फिर्याद करतो म्हणून. तुमच्यात निवाडा करण्याइतका एकही शहाणा नाही का, असं त्याने विचारलं, आणि त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असंही (१ करिंथ ६:१-८). म्हणून आधी घरात, मग दोन विश्वासू माणसं घेऊन, मग मंडळीतल्या वडिलांपुढे (म्हणजे चर्चमधल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांपुढे), असा मत्तय १८ चा क्रम धरा. वडील निवडताना दोघांना चालतील असे निवडा. आपल्याकडे चर्च कमिटीच्या निवडणुकीचं राजकारण असतं आणि भावाच्या विरुद्ध पॅनेलचा माणूस पंच म्हणून बसवला तर ते न बसवलेलं बरं. पण हाच पौल अन्याय होतोय म्हटल्यावर कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो (प्रे. कृत्ये २५:११), आणि न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेला येशू नावं ठेवत नाही, उलट तिचं उदाहरण देतो. कोर्टाची पायरी चढली म्हणजे विश्वास गेला, असं मी म्हणणार नाही. सगळं करून भाऊ ऐकलाच नाही तर वाटणीचा दावा लावा, आणि पहिल्याच तारखांना तो मध्यस्थीकडे किंवा लोकअदालतीत नेण्याचा आग्रह धरा. लोकअदालतीतल्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचीच किंमत असते, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

दावा लावलाच तर दोन गोष्टी पाळा. दाव्याचा मसुदा सही करायच्या आधी स्वतः ओळ न् ओळ वाचा. दावा जोरदार दिसावा म्हणून भाऊ व्यसनी आहे, आईला नीट सांभाळत नाही, जमीन परस्पर विकायला निघालाय, अशी वाक्यं मसुद्यात घुसतात. जे खरं नाही ते खोडायला लावा, वकील नाराज झाले तरी. दुसरं, वाटणीच्या दाव्यात सगळ्या हिस्सेदारांना पक्षकार करावं लागतं, म्हणजे प्रतिवादीत आईचं आणि बहिणीचं नाव येणार. कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आईच्या दारात उभा राहण्याआधी तुम्ही गावी जाऊन तिच्यापाशी बसा, तिचं नाव त्या कागदावर का आहे ते सांगा, तिचा दीड एकर तिचाच आहे हेही सांगा, आणि तिला वाचता येत नसेल तर सगळा कागद वाचून दाखवा, भावाच्या समोर.